लाल काठाचे शीड

तुमचा फोटो परवा पोचला. किनाऱ्यालगतच्या पाण्यातून तुम्ही चार दिवस शिडाच्या होडीतून हिंडलात, होडीतच जेवलात, होडीतच निजलात, हे वाचून आनंद झाला. फोटो मी भिंग घेऊन पाहिला. तुमचे चेहरे पाहायच्या आधी मी शिडाचे काठ पाहिले, हे कबूल करते. काठ नव्हते. शीड पांढरेशुभ्र होते, आणि मला ते उगीचच अपुरे वाटले.

तसे का वाटले हे सांगायचे तर आमच्या शहापूरच्या घरमालकांबद्दल सांगावे लागेल. शिडाच्या होडीचे वेड असलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला, आणि तो राहायचा समुद्रापासून पाऊणशे मैल आत, घाटाच्या वर, विणकरांच्या गल्लीत. तिथे पाणी म्हणजे विहिरीचे आणि आवाज म्हणजे मागाचा. माझे वडील बेळगावच्या कचेरीत कारकून होते. आम्ही माडीवर भाड्याने राहायचो. खाली घरमालकांचे सुताचे दुकान होते. माणूस बुटका, अंगाने गोल. काळा कोट आणि डोक्याला रुमाल. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, आणि पाठीमागे तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. त्यांना ते ठाऊक होते, आणि आवडतही होते असा माझा संशय आहे.

अण्णा शब्दाचे पक्के होते. असे पुष्कळ लोक असतात, पण अण्णा शब्दाला जेवढे चिकटून असत तेवढीच त्याची मोजमापेही घेत. समोरच्या तेलवाल्याशी एकदा त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. भर गल्लीत अण्णा ओरडले, “आजपासनं तुझ्या सावलीलासुदीक हुबा ऱ्हाणार न्हाय!” सगळ्यांना वाटले, संबंध तुटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तेलवाल्याच्या दारावरून नेहमीसारखे गेले. सकाळी त्याच्या घराची सावली मागच्या परसात पडायची. दुपारनंतर ती गल्लीत उतरली की अण्णा देवळामागून वळसा घालून यायचे. ढगाळ दिवस असला की वर बघायचे, मान हलवायचे आणि सरळ त्याच्याच दुकानात जाऊन तेल मागायचे.

“का अण्णा, राग गेला वाटतं?” तेलवाला विचारायचा.

“राग हाय की. सावली न्हाय आज. तेल वत.”

मी तेव्हा तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, आणि प्रत्येक गोष्टीचे कारण वहीत लिहून ठेवणारी. मी त्यांना विचारले, “अण्णा, ही पळवाट नाही का?”

“पळवाट कशी? शब्द मोडायचा न्हाय, पोरी. पर शब्दाला कुठंतरी दार असतंय. ते हुडकत ऱ्हायाचं.”

आता मूळ गोष्टीकडे येते. अण्णांना एक थोरली बहीण होती. त्यांचे वडील खाली कोकणात एका व्यापाऱ्याला सूत विकत, आणि ही आक्का त्यांनी त्याच व्यापाऱ्याच्या मुलाला दिली. गाव खाडीच्या काठी, समुद्रापासून थोडे आत. लग्नात पंगतीवरून काहीतरी झाले. आक्काच्या सासऱ्यांनी अण्णांच्या वडिलांना सगळ्यांदेखत खालच्या पंगतीत बसवले. वडील गिळून बसले. चौदा वर्षांचे अण्णा मात्र पानावरून उठले आणि म्हणाले, “ह्या गावच्या मातीला मी जल्मात पाय लावणार न्हाय.” सासरेही त्या वेळी चाळिशीतले, तापट. त्यांनी उत्तर दिले, “मग आमची सूनही तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही.”

वडील पुढे दोनदा जाऊन मुलीला भेटून आले. नंतर ते वारले. आई आधीच गेलेली. उरले दोघे शब्दवाले, एक घाटावर आणि एक घाटाखाली. आणि मध्ये आक्का. तीस वर्षे बहीणभावाने एकमेकांना पाहिले नव्हते. गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेले तिचे पत्र वर्षातून दोनदा यायचे. अण्णा ते माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि ऐकताना सुताची लडी उलगडून पुन्हा गुंडाळायचे. आक्काला बघायचे, पण शब्द मोडायचा नाही, एवढीच त्यांची अडचण होती. आणि अशा अडचणीवर माणूस तीस वर्षे विचार करू शकतो हे मला त्या वयात फार नवलाचे वाटे.

दार त्यांना सापडले ते माझ्या वडिलांमुळे. आमचे मूळ गाव त्याच खाडीच्या मुखाशी. एकदा ओसरीवर बोलता बोलता वडील म्हणाले, “त्या गावचा धक्का भरतीला निम्मा पाण्यात असतो. होडी पायरीला लागते.”

अण्णांच्या हातातली लडी थांबली. “म्हंजे होडी पाण्यावरच ऱ्हाती? मातीला लागत न्हाय?”

“भरती असेपर्यंत नाही लागत.”

“आन् भरती किती येळ असती?”

“पायरीशी होडी तरंगेल असं पाणी… भरतीच्या आधी दीड तास, नंतर दीड तास.”

“आन् होडीला उंबरा असतोय काय?”

वडील हसले. अण्णा हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांचा भरतीचा अभ्यास सुरू झाला. वडिलांनी त्यांना किनाऱ्यावरचा हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमी असली तर सहा. अण्णांनी दुकानात एक पाटी टांगली आणि रोज सकाळी तिच्यावर त्या दिवसाची भरतीची वेळ खडूने लिहायला लागले. सूत न्यायला आलेले विणकर आधी पाटी वाचायचे. चिकोडीकडचे एक गिऱ्हाईक दारातूनच कानडीत विचारायचे, “एनु अण्णा, इवत्तु नीरु बंता?” म्हणजे, काय अण्णा, आज पाणी आलं का? अण्णा गंभीरपणे सांगायचे, “अजून अर्धा तास हाय.” आमच्या माडीची कौले गळायला लागली तेव्हा वडिलांनी आठवण करून दिली, तर म्हणाले, “आता भरती हाय. ओहोटी लागू दे, मग बगू.” कौले पुढच्या उन्हाळ्यात बदलली.

अण्णांना पोहता येत नव्हते. पाण्याची भीतीही होती. ती घालवायला ते चिकोडीजवळ एका जैन शेतकऱ्याच्या मळ्यावर गेले. तो त्यांचा जुना स्नेही. उसाचा रस उकळायची मोठी काहील त्यांनी मळ्यातल्या तळ्यात सोडायला लावली आणि छत्री उघडून आत जाऊन बसले. मी वडिलांबरोबर गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिले. काहील स्वतःभोवती गरगर फिरत होती आणि अण्णा मधोमध डोळे मिटून बसले होते. शेतकरी काठावरून हाका मारून दमला. “अण्णा, उतरा की! रस काढून ठेवलाय, चुलवाण पेटलंय!” त्याची आई पाणी गाळत होती. ती फडके पिळत म्हणाली, “असूं दे रं. गुळात पडला तर तेवढाच गोड हुईल.”

तिथून परतताना अण्णा म्हणाले, “जमतंय. डोळं उगडं ठेवायचं तेवढं ऱ्हायलं.”

होडी खाडीवरचीच एक भाड्याची ठरली. पण शीड आपले हवे, असा त्यांनी हट्ट धरला. वडील म्हणाले, होडीवाल्याकडे शीड असते, जाड कापडाचे. अण्णांना ते पटेना. “सुतात जल्म गेला माझा. आन् बहिणीला भेटाया जाताना दुसऱ्याचं कापड लावून जाऊ व्हय? तिला लांबनं कळाय पायजे, शहापूर आलं म्हणून.”

शेजारच्या म्हाताऱ्या विणकराला त्यांनी कापड सांगितले. तो साड्या विणणारा माणूस. सात लांब पट्टे विणून एकमेकांना शिवायचे होते. पंधरा दिवसांनी कापड आले, तर प्रत्येक पट्ट्याला लाल काठ.

“ह्ये काय रं? साडी न्हवं, शीड सांगितलंतं.”

“काठ न्हाय ते कापड कसलं अण्णा?” विणकर म्हणाला. “हातच वळंना. आन् उघड्याबोडक्या कापडानं बहिणीच्या दारात जाशीला?”

अण्णांनी काठावरून बोट फिरवले. फक्त एवढेच म्हणाले, “खळ भरपूर घातलीयास न्हवं? वारा अडला पायजे.” खळ म्हणजे ताण्याच्या सुताला कडक करायला लावतात ती पेज. विणकराने दुप्पट घातली होती. शीड जमिनीवर आपटले की पत्र्यासारखे वाजायचे. त्या दोघांइतके कापड कळणारी माणसे शहापुरात दुसरी नव्हती, आणि दोघांनाही त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही.

आक्काला पत्र गेले. मीच लिहिले. वैशाख शुद्ध द्वादशी, सकाळी नवाची भरती. लाल काठाचे शीड दिसेल ती होडी माझी. पाणी असेपर्यंत पायरीशी थांबेन. उत्तर आले: मामंजींना विचारले, होडीला उंबरा नसतो हे त्यांना मान्य आहे, पायरीपर्यंत जा म्हणाले, पाणी आले की परत ये म्हणाले. शेवटचे वाक्य मास्तरांनी गडबडीत लिहिले असावे. भरती ओसरायच्या आत परत ये, असे त्यांना म्हणायचे होते. पण अण्णांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

सुट्टीत आम्ही गावी गेलो, अण्णा आमच्याबरोबर आले. द्वादशीला सकाळी साडेसहाला होडी निघाली. होडीवाला, एका वल्ह्यावर माझे वडील, शिडाखाली अण्णा आणि मी. मला घेतले ते वेळ बघायला. अण्णांनी आपले खिशातले घड्याळ माझ्या हातात दिले. “ज्याचा शब्द त्यानं येळ बगायची नसती. मन खोटं बोलतंय. तू सांगशील ती खरी येळ.” मी वहीत आकडे लिहीत गेले. ती वही आजही माझ्याकडे आहे.

उन्हे वर आली तसा समुद्रावरून वारा सुटला. होडीवाल्याने शीड चढवले आणि ते धाडकन फुगले. सातही लाल काठ ताठ उभे राहिले. अण्णांनी डोळे उघडले. दोन्ही काठांवरच्या माडांतून माणसे बाहेर येऊन बघायला लागली. अर्धा तास आम्ही असे गेलो की मला वाटले, आठालाच पोचू.

मग खाडीचे रुंद वळण आले. तिथे लाटा आडव्या यायच्या. पाण्याचे सपके शिडावर बसू लागले, आणि अण्णांच्या रुमालावर काहीतरी पांढरे ठिबकले. मग खांद्यावर. मग माझ्या वहीवर. चाटून पाहिले तर पेज! दुप्पट घातलेली खळ विरघळून दोरीवरून, काठांवरून खाली येत होती. होडीभोवती मासे गोळा झाले आणि तोंडे वर करून ती खाऊ लागले. कडक शीड बघता बघता धुतलेल्या लुगड्यासारखे लोंबायला लागले.

होडीवाल्याने वर पाहिले, खाली पाहिले. “अण्णानू, ह्यां शीड न्हय, ह्यां लुगडां! वारो हयसून येता आणि थयसून जाता.”

“इण बारीक हाय,” अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. “नेसाया मऊ लागती.”

“मगे नेसा!”

वडिलांनी दुसरेही वल्हे घेतले. होडीवाला बांबू रोवून ढकलू लागला. मी वेळ सांगत होते. नऊ. साडेनऊ. दहा. दहानंतर अण्णा म्हणाले, “सांगू नको आता. लिही नुसती.” काठावरची ओली रेघ दर वळणाला खाली खाली दिसत होती. पाणी आमच्या उलट निघाले होते.

गावचा धक्का दिसला तेव्हा त्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. वरच्या पायरीवर एक बाई उभी होती, हातात टोपली, कपाळावर आडवा हात. पायरी वीस-पंचवीस हातांवर राहिली आणि होडी खालून घासली, थोडी कलली आणि थांबली. अकरा वाजून दहा मिनिटे. होडीवाल्याने बांबू आत टाकला. “रुतली. आता सांजे सातांक.”

चारी बाजूंना पाणी ओसरून चिखल चमकायला लागला. तीस वर्षांनी आलेला माणूस पायरीपासून पंचवीस हातांवर, रुमालावर पेज सुकलेली, असा बसून राहिला.

पायरीवरून आवाज आला. “उतर की रं!”

अण्णा म्हणाले, “न्हाय. माती हाय.”

“चिखल हाय त्यो.”

“चिखल म्हंजे मातीच की. तुझ्या गावची.”

“तीस वरसांनी आलास आन् चिखलाची जात काढतोस?”

“तू जा आक्का घरी. पाणी गेलं. मी पुढल्या वरसाला येतो.”

मला तो क्षण नीट आठवतो, कारण मी घड्याळाकडे पाहायचे विसरले. तीस वर्षे कोकणात काढूनही आक्काची बोली शहापूरचीच राहिली होती. तिने टोपली डोक्यावर ठेवली, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचले आणि ती पायऱ्या उतरून चिखलात आली. पहिल्या चार पावलांतच गुडघ्यापर्यंत गेली, आणि तशीच चिखल रेटत होडीच्या जवळ येऊन अडकली. “बगतोस काय? हात दे!” पण हात पुरेना. अण्णा होडीच्या कडेवर पोटावर झोपले आणि पाय माझ्या वडिलांनी धरले. कोटाच्या बाह्या चिखलात गेल्या, पाय गेले नाहीत. होडीवाल्याने चिखलात उतरून आक्काला मागून रेटले. शेवटी ती जाळे ओढावे तशी होडीत येऊन पडली, टोपली मात्र सरळ धरून.

श्वास जमल्यावर तिने भावाकडे पाहिले. “म्हातारा झालास की रं.”

“तू कुठं न्हाईस?”

मग दोघेही रडले. मी चिखलाकडे पाहत बसले.

ऊन चढले तसे होडीवाल्याने ते निकामी शीड काढून काठ्यांवर आडवे बांधले. वाऱ्याला न अडवणारे ते कापड सावलीला फार चांगले होते; वारा आत यायचा आणि ऊन बाहेर राहायचे. आक्काने डोक्यावर लोंबणारा काठ बोटांत धरला आणि न विचारता विणकराचे नाव सांगितले. “म्हातारा जिता हाय व्हय अजून?” तिथून बोलणे सुरू झाले. कोण गेले, कोणाला किती मुले, आईचा पाटा कोणाकडे आहे, परसातल्या विहिरीला पाणी किती. टोपलीतले घावन आम्ही सगळ्यांनी खाल्ले. दुपारी अण्णा आक्काच्या मांडीवर डोके ठेवून झोपले आणि ती त्यांच्या रुमालावरची वाळलेली पेज नखाने काढत बसली. चारच्या सुमाराला धक्क्यावर एक म्हातारा काठी टेकत आला. आक्काने डोक्यावर पदर ओढला. तो बराच वेळ होडीकडे बघत उभा राहिला. मग पाठ फिरवून गेला. थोड्या वेळाने एक गडी चिखल तुडवत आला आणि पाच शहाळी होडीत ठेवून गेला. निरोप काही नव्हता. आक्काने एक शहाळे भावाच्या हातात दिले. “पी. ह्यात माती न्हाय.”

दिवस मावळला. माझे काम एकच होते: होडी तरंगली की सांगायचे. पाणी आले की आक्काने परतायचे, असे पत्रात ठरलेले होते. सात वाजून दहा मिनिटांनी तळाशी काहीतरी हलले. मला कळले. वडिलांनाही कळले, त्यांनी खाडीकडे तोंड केले. होडीवाल्याने डोळे मिटून घेतले. आक्का माझ्याकडे बघत होती. त्या वेळी अण्णा तिला काहिलीची गोष्ट सांगत होते आणि ती गोष्ट अजून तळ्यापर्यंतच आली होती.

मी घड्याळ मुठीत धरून बसले. काहील फिरली, छत्री उघडली, चुलवाण पेटले, आक्का हसून हसून कलली. मग मी म्हणाले, “पाणी आलं.”

“किती वाजलं?” अण्णांनी विचारले.

“सात पस्तीस.”

ते खरे होते. पण वहीत ‘होडी तरंगली’ यापुढेही मी सात पस्तीसच लिहिले आहे, आणि ते खोटे आहे. त्या वहीत तेवढा एकच आकडा खोटा आहे. होडी आपसूक पायरीला लागली, आक्का उतरली, आणि अण्णांचा पाय शेवटपर्यंत मातीला लागला नाही.

पुढच्या चैत्रात मी सूत आणायला दुकानात गेले होते. पाटीवर भरती लिहिलेली होती. म्हातारा विणकर अण्णांपुढे उकिडवा बसला होता, वर्षभर मनाला लागलेले बोलत होता. “अण्णा, औंदा चूक न्हाय. इण घट्ट करतो, खळ घालतच न्हाय. वेळंवर पोचशीला, शब्द देतो. दीड तास मिळंल बहिणीजवळ.”

“दीड तास,” अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “कुणी सांगितलं तुला शाणपणा कर म्हणून? गेल्या साली घातलीयास तेवढीच खळ घाल. वाईच जास्तच घाल.”